पार्किंगखालचा ओढा

आक्का,

काल तुमच्या मंगल कार्यालयात तुमच्या दिवसांच्या जेवणाला बसले. पान वाढून झालं, तुमचा बसवराज स्वतः पंगतीतून फिरत होता, सगळं व्यवस्थित होतं. फक्त मागून येऊन, तुमच्या कानडी वळणानं मला धाकटी बहीण करून, कुणी म्हणालं नाही, "तंगी, एवढ्यानं काय हुतंय? वाढ रं तिला आनी." तेव्हा मला कळलं की तुम्ही खरंच गेलात. मातीच्या दिवशी एवढं कळलं नव्हतं. त्या दिवशी तुम्हाला बसवून, कपाळाला विभूती लावून, हारांनी सजवून नेलं. तुम्ही नेहमीसारख्या ताठ बसलेल्या. आता कुणाला तरी काहीतरी सुनावणार, असंच मला सारखं वाटत होतं.

दुपारी जेवून आडव्या झालात आणि उठला नाहीत. असं जाणं मागून मिळत नाही, असं खालच्या गल्लीतल्या बायका म्हणत होत्या. मला ते पटलं. मी रडलेही फार नाही. बोलायचं मात्र बरंच राहिलंय.

आपली पहिली भेट मी विसरायची नाही. आमचं ऑफिस तेव्हा शहरातल्या बुजलेल्या ओढ्यांचे नकाशे करत होतं. कोल्हापुरात मोठा पाऊस झाला की कुठल्या गल्लीत पाणी का शिरतं आणि जवळचं तळं कोरडं का राहतं, हे शोधायचं काम. उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन कुठं उंच आणि कुठं सखल ते कळतं. ते संगणकात घातलं की पाणी कुठून कुठं जायला हवं त्याची रेघ उमटते. आमची एक रेघ माळावरून निघायची, वरच्या कॉलनीतून उतरायची, तुमच्या कार्यालयाच्या पार्किंगखालून जायची, खालची गल्ली ओलांडायची आणि चिंचतळ्याला मिळायची. जमिनीवर मात्र या रेघेचं नावनिशाण नव्हतं. वर डांबरी रस्ता, मध्ये तुमची फरशी, खाली पत्र्याची आणि कौलांची घरं. माळावरचं पाणी मग फट दिसेल तिथून धावायचं आणि खालच्या गल्लीत उंबरे ओलांडायचं. तळ्याच्या वाट्याला काहीच यायचं नाही.

तुम्ही पोर्चमध्ये खुर्ची टाकून शेंगदाणे निवडत होतात. मला आपादमस्तक न्याहाळलंत.

"काय पावणं, कुठल्या गावच्या?"

"आजऱ्याची."

"मग आमच्याच अंगाची की. मी गडहिंग्लजकडची. बस."

चहा आला, त्याच्याबरोबर शेंगाची पोळी आली. खाऊन होईपर्यंत तुम्ही मला कामाचं बोलू दिलं नाहीत. मग मी नकाशा उलगडला आणि सांगितलं, "आक्का, तुमच्या पार्किंगखाली ओढा आहे."

"हाय न्हवं, हुता."

"तो परत मोकळा करायला हवा."

"आनि गाड्या कुठं लावायच्या? तुमच्या उपग्रहावर?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. चष्मा लावून नकाशावर वाकलात. तुमचं बोट कार्यालयाच्या चौकोनावर थांबलं.

"ह्ये तांबडं कशापायी?"

"ज्या बांधकामांनी ओढा अडवलाय, ती आम्ही तांबडी दाखवतो."

तुम्ही नकाशाची नीट गुंडाळी केलीत, माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "च्या पिलीस न्हवं? मग ये आता."

नंतर मी कितीतरी वेळा आले आणि तितक्याच वेळा परत गेले. चहा दर वेळी मिळाला, नकाशा उघडू दिला नाहीत. शेवटी बसवराजनं मला फाटकापाशी गाठून सांगितलं. "मॅडम, पार्किंगचं न्हाय हो एवढं. त्यो चर बाबांनी स्वतः बुजवला. कार्यालय त्यांच्या हातचं हाय. तुमी तांबडं दावलं, तवापास्नं आईच्या डोस्क्यात बसलंय की ह्यांनी माझ्या मालकाला चोर म्हणलं."

मी चोर कुणालाच म्हणाले नव्हते. नकाशात माणसं नसतात, जागा असतात, असं मला ऑफिसात शिकवलेलं. ते मी बसवराजला समजावू लागले आणि अर्ध्यातच थांबले, कारण तो समजून घेत होता आणि तरी नकारानं मान हलवत होता.

त्यानंतर मी जुनी चित्रं काढायला बसले. तुमच्यासाठी नाही, खरं सांगते. आम्हाला ती रेघ नेमकी कुठं तुटली हे हवंच होतं. उपग्रहांची जुनी चित्रं फार जाडीभरडी असतात. एकेका ठिपक्यात अख्खं घर, अंगण, गोठा सगळं मावतं. पण उन्हाळ्यातली चित्रं एकापुढं एक लावली की एक गोष्ट दिसते. जमिनीच्या पोटात पाणी असेल तिथली झाडी चैत्रातही हिरवी राहते, आणि आपल्या डोळ्यांना दिसत नाही अशा उजेडात उपग्रहाला ती ठळक दिसते. सगळ्यात जुन्या चित्रात माळापासून तळ्यापर्यंत अशी एक सलग हिरवी रेघ होती. पुढं वरच्या कॉलनीचा रस्ता आला, पांढरा फटक, ओढ्याला आडवा. त्यानंतर दर उन्हाळ्याला रस्त्याच्या खालची हिरवाई फिकी होत गेली आणि मग दिसेनाशी झाली. त्याच्याही नंतर, बऱ्याच नंतर, तुमच्या कार्यालयाचं छप्पर उगवलं.

ती चित्रं घेऊन मी तुमच्याकडं आले. लग्नाची तिथी नव्हती, हॉल रिकामा होता. खुर्च्यांच्या थप्प्यांच्या मधे आपण दोघी बसलो. मी नकाशा आणलाच नव्हता. फक्त चित्रं, एकेक करून.

"ह्ये आमच्या कार्यालयाच्या आधीचं?"

"आधीचं."

"आनि वढा वाळलाय."

"वाळलाय. वरच्या रस्त्यानं तो तोडला. रस्त्याखाली पाइप घातला असेल तर तो बुजला असणार."

तुम्ही ते चित्र हातातून सोडलं नाहीत. कोल्हापुरातल्या पुष्कळ बायका बोलतात तसं तुम्हीही "मी जातो, मी करतो" बोलायचात. त्या बोलीत तुम्ही हळूच जे सांगितलंत, ते मी नंतर कुणालाच सांगितलं नाही. आज तुम्हालाच परत सांगते. "मालक म्हणायचे, मी कोरड्या चरीत माती टाकली, कुणाचं पानी अडवलं न्हाय. मी भांडलोवतो तवा त्यांच्यासंगं. म्हणलो, पान्याची वाट बुजवू नये, पाप लागतंय. लई दिस बोललो नव्हतो." मग चित्रावर बोट ठेवून म्हणालात, "म्हंजे खरं बोलत हुते ते."

मी हे काम सुरू केलं तेव्हा त्याचा उपयोग पुरासाठी होईल, भूजलासाठी होईल, असं सगळं मांडलं होतं. जुन्या उपग्रहाचं धुरकट चित्र एका बाईचं नवऱ्याशी राहिलेलं भांडण मिटवील, हे मनातही आलं नव्हतं.

पदर नीट करून तुम्ही उठलात. "आदी वरचं बघा. त्या रस्त्याखालनं पानी आलं, तर माझं मी बघतो."

माथ्यावरून सुरुवात करून पायथ्याला यायचं, हा पाणलोटाच्या कामाचा पहिला धडा. तो आम्हालाही ठाऊक होता. अडचण अशी होती की वरच्या कॉलनीत आम्हाला कुणी दारात उभं करत नव्हतं. तिथले सेक्रेटरी देसाई फोन उचलायचे, "महापालिकेला लिहा" म्हणायचे आणि ठेवायचे. हे मी तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "त्याच्या लेकीचं लगीन कुठं झालंय, ठाव हाय तुला?"

त्या रविवारी इरकली लुगडं नेसून तुम्ही माझ्या गाडीत बसलात. कॉलनीच्या गणपतीच्या देवळात बैठक भरली. मला वाटलं होतं तुम्ही देसायांना आडवं घेणार. तुम्ही मला म्हणालात, "तंगी, पडद्यावर आदी ह्यांची घरं दाव." मी प्रोजेक्टरवर कॉलनी मोठी केली, आणि मागं हाताची घडी घालून उभी असलेली माणसं पुढं सरकली. ज्याला त्याला आपलं छप्पर हवं होतं. पाण्याची टाकी, सोलरची पाटी, वाळत घातलेली चादर. कुणी शेजाऱ्यानं पत्रा किती पुढं काढलाय ते दाखवत होतं. पाऊण बैठक त्यातच गेली. मग तुम्ही मान हलवलीत आणि मी ओढ्याची रेघ लावली. ती मागच्या ओळीतल्या घरांच्या कुंपणाला लागून येत होती आणि रस्त्यापाशी संपत होती.

मागच्या ओळीतली एक बाई म्हणाली, "म्हणून आमची भिंत बारा महिने ओली असते होय?"

"तिथं पाणी अडतं आणि तुमच्या घराच्या पायात मुरतं," मी म्हणाले.

देसाई घाम पुसत म्हणाले, "आक्का, पटतंय सगळं. पण रस्ता खणला तर लोक मला शिव्या घालतील."

"घालू देत की. जेवान कमी पडलं की मला घालत्यात. दुसऱ्या दिशी सोयरीक घेऊन त्येच येत्यात."

हशा झाला आणि काम मंजूर झालं. काल पंगतीत देसाई माझ्या शेजारीच बसले होते. म्हणाले, "माझ्या लेकीच्या लग्नात आक्का जेवढ्या कडक होत्या, तेवढ्याच त्या दिवशी होत्या. मला दोन्हीकडं नाही म्हणता आलं नाही."

वरच्या रस्त्याखाली माणूस वाकून जाईल एवढी मोरी झाली. मग तुमची पाळी आली. लग्नाच्या तिथी संपल्यावर, आषाढाच्या तोंडावर, महापालिकेचा जेसीबी तुमच्या फाटकातून आत आला. आणि तिथंच आपलं दुसरं भांडण सुरू झालं, ते तुम्ही जाईपर्यंत संपलं नाही. माझी रेघ पार्किंगच्या पश्चिमेच्या भिंतीलगत होती. तुम्ही म्हणत होतात, ओढा स्वयंपाकघराच्या बाजूनं जायचा, तिथं मी भांडी घासलीयत. जेसीबीचा ड्रायव्हर बिचारा यंत्र बंद करून विडी ओढत बसला. शेवटी भिंतीपासून स्वयंपाकघरापर्यंत आडवा चर मारायचा ठरला. गोल गुळगुळीत दगड आणि काळी मऊ गाळाची माती लागली ती बरोबर मध्यावर. ना माझ्या रेघेवर, ना तुमच्या भांड्यांच्या जागेवर.

"बघ, तुझ्या यंत्राला निम्मंच दिसतंय," तुम्ही म्हणालात.

"तुम्हालाही निम्मंच आठवतंय," मी म्हणाले.

झाडांच्या शेंड्यांना आणि छपरांना उपग्रह कधीकधी जमीनच समजतो, त्यामुळं रेघ सरकते, हे मी तुम्हाला समजावलं. तुमची भांडी कुठं गेली, हे तुम्ही मला कधीच समजावलं नाहीत. ओढा सरकत असेल, एवढंच म्हणालात. त्यानंतर कुणी पाहुणा आला की तुम्ही त्याला तो मध्य दाखवायचात आणि सांगायचात, "माझ्या बाजूला जरा जास्तच निघालाय."

तुमची अट एकच होती, पूल पाहिजे. "नवऱ्याची गाडी, बँड आनि नाचनारी पोरं, सगळं एका वक्ताला पार झालं पायजे." इंजिनिअरनं पूल तसा रुंद केला. आता वराती पुलावर आल्या की हमखास थांबतात, फोटोवाले खाली काठावर उतरतात. गाड्या कमी मावतात म्हणून बसवराज कुरकुरत होता. पुढच्या मोसमात लोक 'ओढ्यावरचं कार्यालय' म्हणून विचारत येऊ लागले, तेव्हा तो गप्प झाला.

पण या सगळ्यातली मला सगळ्यात जास्त आठवणारी दुपार पुलाची नाही. मोठा पाऊस लागून राहिला होता. तुम्ही पोर्चमध्ये खुर्चीवर बसून ओढ्याकडं बघत होतात आणि मी मापं घ्यायला आले होते. तांबडं पाणी वरच्या मोरीतून उतरून तुमच्या कार्यालयातून खाली चाललं होतं. खालच्या गल्लीतून तळ्यापर्यंत नवा काढलेला चर ते सगळं पेलेल की नाही, हे आपल्याला ठाऊक नव्हतं. खालच्या गल्लीतल्या शमीमभाभीचं शिवणाचं दुकान चराच्या अगदी कडेला. दर पावसाळ्यात तिच्या मशिनी पलंगावर चढायच्या आणि नवरीची ब्लाउजं पत्र्याच्या ट्रंकेत जायची. तुम्ही फोन लावलात, सवयीनं स्पीकरवर.

"शमीम, आलं का ग पानी?"

"आलं की आक्का."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुमचा चेहरा मला अजून दिसतो.

"घरात न्हाय ओ. बाजूनं चाललंय, चरातनं. मी दारात बसून बघायलीय. मशीन खालीच हाय माझं, शिवतच हुतो."

तुम्ही फोन मांडीवर ठेवलात. मग आत हाक मारून भजी करायला सांगितलीत.

पावसाळ्यात उपग्रहाला ढगांशिवाय काही दिसत नाही, हे कळल्यावर तुम्हाला फार गंमत वाटली होती. "पानी बघायचं तवाच ह्यो झोपलेला," म्हणायचात. तरी ढग कमी झाल्यावर रोज विचारायचात, आज वरून गेला का. एकदा मी आले तर अंगणात कपाळावर हात आडवा धरून आभाळात बघत उभ्या होतात. तो दिसत नाही, फार उंच असतो, असं मी म्हणाले. "मला न्हाय दिसना, त्याला तर मी दिसू दे."

मग आश्विनातलं स्वच्छ चित्र आलं. चिंचतळं एवढंसं, पण काळंशार आणि भरलेलं. तुम्ही टॅब हातात घेतलात, तळं बघितलंत, मान हलवलीत आणि म्हणालात, "आता गडहिंग्लजकडं ने." मी नेलं. हिरण्यकेशीचं वळण आलं, उसाची शेतं आली, तुमच्या माहेरची वाडी आली. तुम्ही एका छपरावर बोट ठेवून थांबलात, मग नदीकाठानं बोट नेत नेत एका जागी परत थांबलात. तिथं काहीच नव्हतं, झाडांची गर्दी होती. तुम्ही हसलात आणि टॅब परत दिलात. तिथं काय होतं हे मी विचारलं नाही. पुढं कधीतरी सांगाल, असं धरून चालले.

आणि तांबड्या रंगाचं बोलणं तर अर्धंच राहिलं. तुमच्या कार्यालयाचा रंग मी बदलला, ओढा मोकळा झाला म्हणून. बाकीच्या जागांचा बदलला नाही. "तांबडं दावलंस की मानूस दार लावतंय," हे तुमचं म्हणणं. माझं म्हणणं असं, की सगळेच काही कोरड्या चरीत माती टाकत नाहीत. काही वाहत्या पाण्यात टाकतात, आणि ते तांबडं दिसलंच पाहिजे. मला आजही तसंच वाटतं. फक्त आता नकाशा उघडायच्या आधी मी जुनी चित्रं काढते, कोण कधी आलं ते बघते, आणि समोरच्याच्या घरी चहा नाकारत नाही. एवढं तुमचं मी घेतलं.

तुम्ही माझे आभार एकदाही मानले नाहीत, मीही तुमचे मानले नाहीत. तशी आपली बोलीच नव्हती. या शहरात मी भाड्याच्या खोलीत नकाशे करणारी बाहेरची बाई होते. तुमच्यामुळं मला इथं उतारावरच्या प्रत्येक घरात बसायला जागा मिळाली. दिवाळीला वरच्या कॉलनीतून चकल्या येतात, ईदला खालून शीरखुर्मा येतो. तो मी पुलावर उभी राहून खाते, कारण कार्यालयात नेला तर तुमच्या आचाऱ्याला चालत नाही. माणसाला आणखी काय लागतं, मला माहीत नाही.

काल जेवण झाल्यावर ऑफिसला गेले. आज परत यायचं होतं, वरच्या मोरीतला पाचोळा काढायला देसाई माणसं लावणार होते. गाडी दुरुस्तीला दिलेली, म्हणून स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाला तरुण होता, नवीन असावा. मी कार्यालयाचं नाव सांगितलं, त्याला कळलं नाही. गल्लीचं नाव सांगितलं, तेही कळेना. मग वाटेतल्या खुणा सांगायला लागले, पूल, काठावरची बाकडी, शिवणाचं दुकान.

"मग आक्काच्या वढ्याला जायचंय म्हणा की," तो म्हणाला आणि रिक्षा वळवली.

आमच्या नकाशात त्या ओढ्याला फक्त एक क्रमांक आहे, आक्का. नावाचा रकाना आम्ही मोकळा सोडला होता, कारण जुन्या कुठल्याच कागदावर नाव सापडलं नव्हतं. मी जरा पुढं वाकून विचारलं, "कोण आक्का?"

"ते काय ठाव न्हाय, मॅडम," तो आरशात बघून म्हणाला. "वढ्याचंच नाव हाय की ते."